'जागा नाही' असं लिहून देणाऱ्या आपल्याच माणसांना

पश्चिम डब्लिनमध्ये, आमच्या इस्टेटीत (म्हणजे घरांच्या वसाहतीत) आणि आजूबाजूला स्वतःची घरं घेऊन राहणाऱ्या समस्त मराठी दादा, वहिनी, काका, काकूंना,

नमस्कार मंडळी.

हे पत्र आधी ग्रुपवरच टाकणार होते. पण तिथं सकाळचं काही टाकलं की दहा मिनिटांत त्याच्यावर गुड मॉर्निंगची फुलं पडतात आणि लगेच कोणीतरी "प्लीज, नो पॉलिटिक्स" लिहितं. रात्री अकरानंतर मात्र तीच माणसं नाटो, पुतिन, जर्मनीची निवडणूक, फ्रान्सचं सरकार कितव्यांदा पडलं यावर चाळीस चाळीस मेसेज टाकतात, ते पॉलिटिक्स नसतं बहुतेक. असो. म्हणून उघडच लिहितेय, आणि मराठीत लिहितेय कारण भांडण घरातलं आहे.

झालं असं की मागच्या महिन्यात इस्टेटीमागच्या मोकळ्या जागेच्या कुंपणाला पांढरी पाटी लागली. प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या अर्जाची. मी नाइट शिफ्ट करून बसमधून उतरले आणि थंडीत तिथंच उभी राहून अख्खी पाटी वाचली, चार ते सहा मजल्यांचे ब्लॉक, १८० च्या आसपास फ्लॅट, त्यातले बरेचसे कॉस्ट रेंटल, म्हणजे बाजारापेक्षा कमी भाड्याचे. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन नवऱ्याला उठवून सांगितलं. इथं अर्ज आल्यापासून पाच आठवड्यांत कोणीही २० युरो भरून आपलं म्हणणं काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे देऊ शकतं, तर म्हटलं आपण पाठिंब्याचं चार ओळींचं लिहू. साइटवर फाइल उघडली. आधी आलेली पत्रं तिथंच लावलेली असतात, नावापत्त्यासकट, सगळ्या जगाला दिसतात. हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसावं असं आता वाटतंय.

अकरा पत्रं आपल्या आडनावांची. सगळे कर आणि दोन पाटील. मजकूर सगळ्यांचा एकच, नुसतं खालचं नाव वेगळं, एकात तर 'इथे तुमचा पत्ता लिहा' हे कॉपी करताना तसंच राहून गेलंय. ट्रॅफिक वाढेल, शाळेत जागा नाहीत, बिल्डिंगची सावली आमच्या मागच्या बागेत पडेल (सावली पडायला आधी ऊन पडावं लागतं, पण तेही असो). इथपर्यंत मी वाचत गेले. तिसरा परिच्छेद मात्र तीनदा वाचला. त्याचा अर्थ साधारण असा, की भाड्याने राहणाऱ्या, येऊनजाऊन असणाऱ्या लोकांमुळे परिसराचं स्वरूप बदलेल आणि इथं स्थायिक झालेल्या कुटुंबांची सुरक्षितता धोक्यात येईल.

येऊनजाऊन असणारी ती मीच आहे. गेली चार वर्षं तुमच्याच रांगेत शेवटून तिसऱ्या घरात भाड्याने राहते. तुमच्यातल्या दोघींच्या डिलिव्हरीच्या वेळी मी ड्युटीवर होते, एका काकांना छातीत दुखलं तेव्हा रात्री दोनला आधी माझं दार वाजलं आणि मग अँब्युलन्सला फोन झाला. हे उपकार म्हणून सांगत नाहीये, नर्स आहे, कोणीही दार वाजवलं असतं तरी गेले असते. पण माझ्यामुळे सुरक्षितता धोक्यात येते हे मला काउन्सिलच्या साइटवर वाचायला लागावं हे काही पचत नाहीये.

आता माझं यात काय अडकलंय ते आधीच सांगते, म्हणजे मागून कोणी "हिचा स्वार्थ आहे" म्हणायला नको. आहेच स्वार्थ. आम्हाला नोटीस मिळालीये. घरमालक आपलेच आहेत, नाव घेणार नाही, माणूस वाईट नाही, चार वर्षांत बॉयलर बिघडला तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवायचे. पण १ मार्च २०२६ पासूनच्या नवीन भाडेकरारांना सहा-सहा वर्षांचं संरक्षण मिळणार म्हटल्यावर त्यांनी ठरवलं की त्याच्या आधीच नोटीस देऊन घर विकून मोकळं व्हावं. कायद्याने १८० दिवस दिलेत, ऑगस्टमध्ये बाहेर पडायचं आणि त्याच महिन्याच्या शेवटी पोरीची शाळा सुरू. आत्ता आम्ही १,७५० भरतो. आसपास दोन बेडरूमचं काही निघालंच तर २,३००, २,४०० सांगतात, आणि व्ह्यूइंगला गेलं की फुटपाथवर चाळीस जणांची रांग, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पेस्लिपा आणि आधीच्या घरमालकाची शिफारस. पोरगी सहा वर्षांची आहे, प्रत्येक घराच्या दारात बूट काढते. एजंट सांगतो काढायची गरज नाही, तरी काढते. नवरा आयटीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, बँक म्हणते कॉन्ट्रॅक्ट आहे तोवर लोन अवघड. तर अशी माझी बाजू आहे.

आणि अजून एक बाजू. मी फौजीची पोर आहे. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, आमचं गाव साताऱ्याकडचं, मिलिटरी अपशिंगे आमच्याहून फार लांब नाही, तेच गाव जिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात युरोपात आणि कुठं कुठं कामी आले. त्यामुळे डिफेन्सचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. या पत्रात तो विषय का आला ते खाली कळेल.

आता गाऱ्हाणी.

पहिलं अर्थात तो तिसरा परिच्छेद. जुलै २०२५ आठवतोय ना सगळ्यांना? टालामध्ये आपल्या एका भारतीय माणसाला रस्त्यात मारलं, कपडे फाडले, त्याच्यामागोमाग अजून घटना झाल्या, १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने सांगितलं की एकट्याने आडबाजूला जाऊ नका, आणि डब्लिनमधला इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तेव्हा आपण सगळे हादरलो होतो, मुलांना बागेत सोडायला दोघं दोघं जात होतो. भिंतींवर आणि मोर्च्यांच्या फलकांवर काय लिहिलेलं असतं? 'आयर्लंड इज फुल'. देश भरलाय, जागा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनच्या मधोमध बस आणि ट्राम पेटवल्या तेव्हाही हेच ओरडत होते. तेव्हा ग्रुपवर आपण काय काय लिहिलं होतं, की हे अडाणी लोक आहेत, घरं सरकारने बांधली नाहीत आणि राग परक्यांवर काढतात. अगदी बरोबर लिहिलं होतं. मग तीन वर्षांत आपणच काउन्सिलला शुद्ध इंग्रजीत लिहून देतो की आमची इस्टेट भरली, जागा नाही, येणारे लोक आमच्यासारखे नाहीत. त्यांच्या हातात स्प्रे पेंट होता, आपण २० युरोची पावती फाडली, एवढाच फरक मला तरी दिसतोय. दुसरा कोणाला दिसत असेल तर जरूर सांगा.

आणि घरं बांधली नाहीत म्हणून तर हे सगळं आहे. सरकारनेच नेमलेल्या हाउसिंग कमिशनने २०२४ मध्ये सांगितलं की २०२२ च्या जनगणनेच्या वेळीच देशात दोन लाख बारा हजार ते दोन लाख छप्पन्न हजार घरं कमी होती. २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या निवडणुकीआधी चाळीस हजारांच्या जवळ घरं होणार म्हणून सांगत होते, वर्ष संपलं तेव्हा झालेली निघाली ३०,३३०. अठरा वर्षांवरची पाच लाखांहून जास्त मुलंमुली अजून आईबापांकडे राहतात, आपल्याकडे ते चालतं, इथल्यांना तो कमीपणा वाटतो. २०२५ मध्ये सरकारी निवाऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा सोळा हजारांच्या वर गेला, त्यात पाच हजार लहान मुलं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे कारण हे तुम्हीच गणपतीत जेवताना सांगत असता. सरकारला शिव्या देताना माहीत असतं, पाटी आपल्या कुंपणाला लागली की विसरायला होतं.

दुसरं गाऱ्हाणं डिफेन्सचं, आणि हे जरा लांबेल.

मागच्या गणपतीला हॉलमध्ये मोदक वाढून झाल्यावर आपली नेहमीची पार्लमेंट बसली होती. एक काका तावातावाने सांगत होते की हा कसला देश, एक फायटर जेट नाही, आकाशात काय उडतंय ते बघायला धड मिलिटरी रडार नाही, जीडीपीच्या पाव टक्का डिफेन्सवर खर्च आणि म्हणे न्यूट्रल. मी मान डोलवत होते, कारण खरंच आहे ते. अटलांटिकखालून जाणाऱ्या केबल्स या देशाच्या समुद्राला लागून जातात, नोव्हेंबर २०२४ मध्ये 'यांतार' नावाचं रशियन जहाज आयरिश समुद्रात त्याच भागात घुटमळलं आणि त्याला बाहेर काढून द्यायला लागलं. मग कोणीतरी २०२२ च्या जानेवारीतला किस्सा काढला, तो तर मला प्रचंड आवडतो, रशियन नौदल आयर्लंडच्या किनाऱ्यापासून २४० किलोमीटरवर तोफांचा सराव करणार म्हणाले आणि कॅसलटाउनबेअरच्या कोळ्यांनी सांगितलं की आमची मासेमारीची जागा आहे, आम्ही आमच्या बोटी घेऊन जाणारच, आणि रशियाने सराव तिथून हलवला! मालवणच्या माणसांनी भरलेल्या टेबलावर या किश्शाला टाळ्या न पडत्या तर नवल.

मग ट्रिपल लॉकवर गाडी आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बारापेक्षा जास्त जवान परदेशी पाठवायचे तर सरकार, इथल्या संसदेचं खालचं सभागृह म्हणजे डॉइल आणि संयुक्त राष्ट्रं अशी तिघांची परवानगी लागते, सरकारला त्यातलं संयुक्त राष्ट्रांचं कुलूप काढायचंय आणि बाराचे पन्नास करायचेत. अर्धा हॉल म्हणाला काढाच, सुरक्षा परिषदेत रशियाकडे व्हेटो असताना त्यांना विचारून काय फायदा. अर्धा म्हणाला की काढलंत तर उद्या दुसऱ्यांच्या युद्धात ओढले जाल. मला विचाराल तर पहिल्यांचं पटतं, पण मग डॉइलमधलं कुलूप जास्त मजबूत करा, साध्या बहुमतावर कोणाची पोरं लेबनॉनला जायला नकोत. १९७८ पासून आयरिश जवान तिथं शांतिसेनेत जात आलेत, २०२२ च्या डिसेंबरमध्ये गाडीवर गोळीबार होऊन एक तरुण पोरगा गेला, सगळा देश हळहळला होता.

पण हे सगळं चाललेलं असताना मला घरून वडिलांचा व्हिडिओ कॉल आला आणि मी त्यांना सांगितलं की इथं तुमच्याच विषयावर वादावादी चाललीये. तर त्यांनी काय विचारावं? "पोरी, तिकडच्या फौजेला क्वार्टर मिळतं का गं?"

हॉलमधल्या एकाही माणसाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता, माझ्याही नाही. मी नंतर शोधलं. मिळत नाही. १९९७ पासून इथल्या संरक्षण खात्याचं धोरणच आहे की कुटुंबासाठी क्वार्टर द्यायची पद्धत बंद करत जायची, आणि किल्डेअरमधल्या 'करा' या लष्करी कॅम्पमध्ये (उच्चार खरंच 'करा' आहे) रिटायर झाल्यावर जुन्या क्वार्टरमध्ये तसंच राहिलेल्या कुटुंबांना घर खाली करा म्हणून मागं लागायची वेळ आली. इथं डब्लिनमध्ये आयलंडब्रिजची क्लॅन्सी बराक्स बंद करून जागा विकली, आता तिथं क्लॅन्सी की नावाचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स आहे, भाड्याचं, नदीकाठी, सुंदर आहे, माझ्या पगारात परवडत नाही. जिथं शिपाई झोपायचे तिथं आता शिपायाला भाडं झेपणार नाही. वडिलांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले, आम्ही बेळगावला दोन वर्षं फॅमिली क्वार्टरमध्ये होतो, दोन खोल्या आणि समोर पेरूचं झाड, माझी आई अजून त्या पेरूंचं काढते.

आता आकडे बघा. सैन्यात मंजूर जागा साडेनऊ हजारांच्या आसपास आहेत आणि प्रत्यक्षात माणसं साडेसात हजारांच्या आसपास. नौदलात १,०९४ मंजूर आणि आठशेसुद्धा नाहीत. आठ जहाजं आहेत आणि चालवायला खलाशी नाहीत म्हणून कितीतरी वेळा त्यातली एकदोनच समुद्रात असतात, बाकीची कॉर्कला हॉलबोलाइनच्या धक्क्याला बांधलेली. माझ्या वॉर्डात एक आयरिश हेल्थकेअर असिस्टंट आहे, तिचा मुलगा तिथंच होता. सोडलं त्याने. नौदल आवडत नव्हतं म्हणून नाही, तर समुद्रावरून परत आल्यावर कॉर्कमध्ये भाडं भरून महिन्याला हातात काही राहत नव्हतं म्हणून. आता कुठल्या तरी कंपनीत नाइटला मशिन बघतो आणि आईकडे बॉक्स रूममध्ये झोपतो. वय २९. लग्न ठरलंय, तारीख नाही.

कॉस्ट रेंटल म्हणजे कोणासाठी असतं हे तुमच्या पत्रात कुठंच नाहीये म्हणून सांगते. २०२१ च्या कायद्याने आलेली योजना आहे, भाडं बाजारापेक्षा किमान २५ टक्के कमी, आणि डब्लिनमध्ये घरातलं हातात येणारं उत्पन्न वर्षाला ६६,००० युरोच्या आत असेल तरच अर्ज करता येतो, वर लॉटरी लागायला पाहिजे. म्हणजे शिपाई, खलाशी, बस ड्रायव्हर, शाळेतली शिक्षिका, आमच्यासारख्या नर्सा. तुम्हाला रडार पाहिजे, जहाजं पाहिजेत, हॉस्पिटलमध्ये रात्री दोनला बेल वाजवली की कोणीतरी यायला पाहिजे. पण जो त्या रडारसमोर बसणार आणि जी त्या बेलला येणार ती आपल्या रांगेमागं भाड्याने नको. काका, तुम्ही त्या दिवशी म्हणालात की या देशाला स्वतःचं रक्षण करायची अक्कल नाही. तुमचं पत्र फाइलमध्ये चौथं आहे.

तिसरं गाऱ्हाणं आपण घर भाड्याने देतो त्याचं. सगळे तसे नाहीत हे मान्य, पण जे आहेत त्यांना कळेल. नवीन आलेल्या पोरांकडून दोन महिन्यांचं डिपॉझिट घेता, ऑगस्ट २०२१ पासून एका महिन्यापेक्षा जास्त घ्यायला बंदी आहे. कॅश घेता, पावती देत नाही. आरटीबी या भाडेकरारांच्या सरकारी संस्थेकडे भाडेकरार नोंदवायचा असतो, दरवर्षी, ४० युरोचं काम आहे, ते करत नाही, म्हणजे पोराच्या हातात नोंदीचा कागदच नाही. स्वतः राहत्या घरातली खोली देत असाल तर वर्षाला १४,००० युरोपर्यंत टॅक्ससुद्धा माफ आहे, तरी कॅशच पाहिजे! आणि जाहिरातीत 'ओन्ली व्हेजिटेरियन महाराष्ट्रीयन कपल'. अहो, मुंबईत सोसायट्यांनी मांसमच्छी खाणारे नकोत म्हणून मराठी माणसाला फ्लॅट नाकारले तेव्हा आपल्या अंगाचा किती तिळपापड झाला होता. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली तो व्हिडिओ तुम्हीच मला फॉरवर्ड केला होता, पुढं रागाच्या पाच लाल बाहुल्या. सुरमई डब्लिनमध्ये आल्यावर वेगळी होते का?

चौथं छोटंसं आहे. २०१७ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा म्हणे इथं पेढे वाटले होते, मालवण तालुक्यातल्या वराडचा नातू, २०१९ च्या डिसेंबरमध्ये ते गावालाही जाऊन आले, तो फोटो कितीजणांच्या डीपीला होता. घर खाली करायला लावण्यावर हिवाळ्यापुरती बंदी होती ती ३१ मार्च २०२३ ला त्यांच्याच कारकिर्दीत उठली. त्यांच्याकडे त्यांची कारणं असतील, बंदी कायम ठेवली तर घरमालक घरं काढून घेतील वगैरे, त्यात तथ्यही असेल. पण त्या दिवशी ग्रुपवर एक ओळ नव्हती. आपला माणूस म्हणून अभिमान ठीक आहे, आपला माणूस म्हणून चार प्रश्नही विचारता आले असते.

आता तुमच्या बाजूचं. मला ते दिसत नाही असं समजू नका. सकाळी आठची बस भरून येते आणि थांबत नाही, मीही त्याच स्टॉपवर उभी असते. एकही जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, नवीन पेशंट घेत नाही, शाळेची वेटिंग लिस्ट आहे, आणि तीस वर्षांचं मॉर्गेज डोक्यावर असलं की घराची किंमत उतरेल या भीतीने पोटात गोळा येतो हेही कळतं, आम्हाला ते लोन मिळालं असतं तर मलाही आला असता. पण दोन-अडीच लाख घरं कमी असलेल्या देशात १८० फ्लॅटनी तुमच्या घराची किंमत उतरत नाही, उतरली असती तर एव्हाना मी घेतलं नसतं का! आणि बस, जीपी, शाळा या मागण्या आहेत, त्या मागण्या म्हणून लिहा ना. त्याच्यावर मी सगळ्यात आधी सही करते. घरं नकोत म्हटल्याने बस जास्त येणार नाहीये. पाठीमागची जागा तशीच रिकामी राहील आणि आठची बस तशीच भरून जाईल.

तर माझं मागणं काय ते सरळ सांगते.

एक, ज्यांनी ते छापील पत्र दिलंय त्यांनी काउन्सिलला लेखी कळवून ते मागं घ्यावं. सगळं मागं घ्यायचं नसेल तर निदान तिसरा परिच्छेद काढून टाकतो असं लिहावं, ट्रॅफिकचं राहू द्या. आणि काउन्सिलने परवानगी दिली तर पुढं वरच्या आयोगाकडे अपील आणि मग हायकोर्ट हा जो बेत काहीजण वर्गणी काढून करतायत तो करू नये. मी दीडशे युरो कशाची वर्गणी असं विचारलं तेव्हा मला "ओनर्सची आहे, तुला नाही" असं उत्तर मिळालं होतं.

दोन, बस, शाळा आणि दवाखाना यांसाठी वेगळं पत्र काउन्सिलला आणि आपल्या काउन्सिलरांना द्यावं. मसुदा मी केलाय, दीड पान आहे, इंग्रजी तपासून द्यायला कोणी तयार असेल तर बरं.

तीन, ज्यांच्याकडे भाडेकरू आहेत त्यांनी आरटीबीची नोंदणी करावी, जास्तीचं डिपॉझिट परत द्यावं, भाडं बँकेतून घ्यावं. मी कोणाची तक्रार करणार नाहीये. पण ती पोरं करू शकतात, आणि कशी करायची हे मला विचारलं तर मी सांगणार आहे.

चार, मतदार यादीत नाव घाला. इथं काउन्सिलच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, इथं राहत असलो की पुरे, जून २०२४ ला झाली तेव्हा आपल्यातल्या निम्म्यांना हे माहीतच नव्हतं आणि उरलेल्यांतले निम्मे पाऊस आहे म्हणून गेले नाहीत. काउन्सिलर आपल्या इस्टेटीकडे का बघत नाही असं दर गणपतीला विचारता, त्याचं उत्तर हे आहे.

पाच, माझ्या घरमालकांना. नोटीस कायदेशीर आहे, मी भांडत नाहीये. फक्त घर विकताना भाडेकरूसकट घेणारा कोणी मिळतो का हे एकदा एजंटला विचारावं, आणि तसं नसेल जमत तर पोरीच्या शाळेपासून दोन किलोमीटरच्या आत कोणाकडे काही रिकामं होणार असेल तर सांगावं. शाकाहारी नाही आम्ही, हे आत्ताच सांगून ठेवते.

येत्या रविवारी चार वाजता हॉलवर या प्लॅनिंगवर मीटिंग आहे, मेसेजमध्ये 'ओन्ली ओनर्स' लिहिलंय. माझी शनिवारची नाइट आहे, सकाळी नऊला घरी येईन, झोपून साडेतीनला उठते आणि येते. फाइलमधली सगळी पत्रं प्रिंट करून आणतेय, ज्याची त्याला देईन, म्हणजे आपण नक्की कशावर सही केली ते एकदा वाचून होईल. दारात अडवलंत तर बाहेर बाकावर बसेन, फ्लास्कमधून चहा आणणार आहे, ज्याला बोलायचंय त्याने बाहेर यावं.

तुमच्याच रांगेतली,
शेवटून तिसऱ्या घरातली भाडेकरू
(ऑगस्टपर्यंत)